कस्टर्डचं पित्त

कुठल्याही गेट-टुगेदरला कोणी चित्रलेखाला ‘तू काय करतेस’ असं विचारलं की तिचा नवरा सलिल हळूच प्लेट उचलून दुसऱ्या कोपऱ्यात सरकायचा. पुढचं सगळं त्याला पाठ होतं. ही म्हणणार, मी डाएटिशियन आहे. समोरची बाई लगेच पोट आत ओढणार, हातातल्या बटाटेवड्याकडे अपराधी नजरेनं बघणार आणि म्हणणार, अगं, मलाही एकदा तुझ्याकडे यायचंच आहे. मग ही शांतपणे सांगणार, की ये की, पण मी फक्त गाईंचं बघते. त्यानंतर जी शांतता पसरायची ती सलिलला सोसवत नसे. चित्रलेखाला मात्र त्यात भलतीच मजा यायची.

आणि ते खोटं मुळीच नव्हतं. पुण्यात ती एका मोठ्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होती. मधुमेहाचे, रक्तदाबाचे, पित्ताचे पेशंट दिवसभर समोर बसून तिला थापा मारायचे. गोड अजिबात बंद केलंय म्हणणाऱ्या काकांच्या खिशातून पेढ्याचा कागद डोकवायचा. सलिलच्या व्हिसावर मेलबर्नला आली तेव्हा कळलं, की इथे तीच डिग्री पुन्हा सिद्ध करून दाखवावी लागणार. मुलगी ओवी तेव्हा कडेवर होती. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता वर्षं निघून गेली. चित्रलेखानं एज्ड केअरच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, किचनमध्ये भाज्या चिरल्या, फोनवर लोकांच्या विजेच्या बिलाच्या तक्रारी ऐकल्या आणि शेवटी शहराबाहेर डँडेनाँगच्या पलीकडे पशुखाद्याच्या एका मिलमध्ये ऑफिसात चिकटली. तिथल्या म्हाताऱ्या न्यूट्रिशनिस्टच्या लक्षात आलं, की ही बाई ऑर्डरी टाइप करता करता खुराकाबद्दल फार नेमके प्रश्न विचारते. त्यानं तिला युनिव्हर्सिटीच्या कोर्सला ढकललं, आपल्याबरोबर फार्म-फार्म फिरवलं आणि रिटायर होताना आपली गिऱ्हाइकं तिच्या गळ्यात बांधून मोकळा झाला.

तिला गाई आवडल्या. गाय खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची. काय खाल्लं, किती पचलं, सगळं शेणात दिसतं, आणि शेण काही खिशात लपवता येत नाही. सासूबाईंची मात्र पंचाईत झाली होती. वीणाताई दिवाळीनंतर पुण्याहून राहायला आल्या होत्या, आणि आपली सून सकाळी ग्लेन वेव्हर्लीच्या त्या नीटनेटक्या गल्लीतून गमबूट घालून बाहेर पडते हे मैत्रिणींना फोनवर कसं सांगावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ‘आमची चित्रा गोसेवा करते’ असं सांगून टाकलं. त्यावर कोणाचंच काही म्हणणं नव्हतं.

गळ्यात पडलेल्या त्या गिऱ्हाइकांत क्लाइव्ह होता. मेलबर्नच्या पूर्वेला गिप्सलँडमध्ये, वॉरगुलच्या पुढे टेकड्यांच्या कुशीत त्याचा डेअरी फार्म. वय पासष्टीच्या आसपास, टोपी कायम डोक्यावर, बोलणं जेवणातल्या मिठाएवढं. त्याच्या वाटचं बोलायला बायको, जोन, समर्थ होती. दोनशेच्या वर गाई, आणि त्यांतल्या ज्या जोनच्या विशेष लाडक्या, त्यांची नावं तिनं गोडाच्या पदार्थांवरून ठेवलेली. पाव्हलोवा, क्रंबल, पुडिंग, कस्टर्ड. जन्मभर लोकांना गोड सोडायला सांगितलं, आणि आता हे माझ्या नशिबी, असं चित्रलेखा पहिल्याच दिवशी म्हणाली तेव्हा जोन पोट धरधरून हसली. क्लाइव्ह हसला नाही.

त्याला कारण होतं. गाईला ऊन आपल्यापेक्षा लवकर लागतं. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात चारा सतत आंबत असतो, त्याची ऊब आतून येतच असते. त्यात बाहेर पाऱ्यानं चाळिशी ओलांडली की बिचारीनं जायचं कुठे? ती तोंड उघडं टाकून धापा टाकते, लाळ गाळते, खाणं सोडते, खाली बसायचंसुद्धा सोडते. मागच्या जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, अशीच लाट आली आणि क्लाइव्हच्या पाच-सहा गाई गेल्या. काही आपणहून गेल्या. बाकीच्यांचे हाल बघवेनात तेव्हा क्लाइव्हनं कुलपातली बंदूक काढली. ट्रायफल त्यांतलीच. जोननं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

चित्रलेखा त्याच्याकडे पहिल्यांदा एकटी गेली त्या दिवशी क्लाइव्हनं तिला गेटपाशीच गाठून सांगून टाकलं.

“मी आणखी एक उन्हाळा बघणार. ती बंदूक पुन्हा काढायची वेळ आली, तर कळप विकून टाकीन. माझ्याच्यानं ते परत व्हायचं नाही.”

त्यात धमकी नव्हती, आणि तेच वाईट होतं. कळप विकला तर हा माणूस पहाटे उठून करणार काय, हे त्यालाही माहीत नव्हतं. चित्रलेखाचंही त्या कळपात बरंच काही अडकलं होतं. तिच्या एकटीच्या भरवशावर सोपवलेला तो पहिला कळप. तो गेला असता म्हणून मिलनं काही तिला घरी पाठवलं नसतं, पण तिनं स्वतःला मनातून घरी पाठवलं असतं. आपल्याला जे येतं ते या देशात कोणाच्या उपयोगी पडेल का, हा प्रश्न तिला इतकी वर्षं छळत होता. सलिलपाशीही ती हे कधी बोलली नव्हती.

म्हणून इथल्या वसंतापासूनच, सप्टेंबरातच, ती पदर खोचून कामाला लागली. पाण्याचे काळे पाइप जमिनीवरून गेले होते, उन्हात त्यांतलं पाणी चहासारखं तापायचं आणि गाई तोंड लावून परत फिरायच्या. ते पाइप तिनं जमिनीत पुरून घेतले. सावलीच्या जाळ्या ताणल्या. दुपारचं दूध काढणं उन्हं कलल्यावर करायचं ठरवलं. खुराकात यीस्ट घातलं, बीटापासून निघणारं बीटेन घातलं, त्यानं म्हणे शरीरातलं पाणी धरून राहतं. क्लाइव्ह प्रत्येक गोष्टीला ‘नो वरीज’ म्हणाला. त्याच्या तोंडी त्या दोन शब्दांचा अर्थ ‘ठीक आहे’पासून ‘बघू तुझं काय होतंय’पर्यंत काहीही असायचा.

जानेवारी अर्ध्यावर आला आणि पहिली लाट आली. गाईंनी दिवसाचं खाणं टाकलं. मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, तसाच पडून वाळायला लागला. आता पुस्तकात लिहिलेलं असतं, की उन्हाळ्यात गाईंना थंड वेळेला खायला द्या. हे खरंच आहे. पण ते वाचणारी बाई मराठी घरातली. आपल्याकडे पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘अजून एक वाढा’ असा घ्यायची रीत, आणि दिवसभर कोणी जेवलेलं नसलं तर रात्री त्याच्या पानात दुप्पट पडणार हे तर ठरलेलंच. चित्रलेखानं क्लाइव्हला फोन केला. सकाळचा धान्याचा भरडा कमी कर, संध्याकाळी दूध काढताना जवळजवळ दुप्पट दे, आणि वर थोडी उसाची मळी शिंपड, म्हणजे आवडीनं खातील. दिवसाची बेरीज तिनं दोनदा तपासली होती. एरवीपेक्षा मूठभरही जास्त नव्हती.

गाईंनी फडशा पाडला. गव्हाणी चाटूनपुसून साफ केल्या, असं सांगायला क्लाइव्हनं आपणहून फोन केला. हे याआधी कधी घडलं नव्हतं. पोरींनी भरपेट खाल्लं म्हणताच चित्रलेखाला इतकं बरं वाटलं, की तिनं घरी येऊन सलिलला दोनदा तेच सांगितलं. लाट चालू राहिली आणि रोज संध्याकाळी गाईंचा तो थाट चालू राहिला.

मग एका सकाळी जोनचा फोन आला, की कस्टर्ड उठत नाहीये.

चित्रलेखा पोचली तेव्हा व्हेट, गुरांची डॉक्टरीणबाई, आधीच येऊन गुडघ्यावर बसली होती आणि कस्टर्डच्या पोटात नळीनं औषध सोडत होती. कस्टर्ड गाभण होती, इथल्या शरद ऋतूत, मार्च-एप्रिलच्या सुमारास, व्यायणार होती. तिची मान एका बाजूला कललेली. आसपासच्या गाई उभ्या होत्या, पण पाय चोरत, जमीन टोचावी तशा. एकही रवंथ करत नव्हती. चित्रलेखानं वाकून शेणाकडे बघितलं. पातळ पाण्यासारखं, आंबूस वासाचं, त्यात न पचलेल्या दाण्यांचे तुकडे. व्हेट म्हणाली, हे उन्हानं झालेलं नाही. पोटात आम्ल झालंय, उपाशी पोटी एकदम भरपूर धान्य गेलं की होतं तसं. तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

क्लाइव्ह ओरडला असता तर बरं झालं असतं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“उन्हापासून वाचवली,” तो म्हणाला, “आणि खायला घालून मारतोय आपण. उद्यापर्यंत उठली नाही तर मला काय करावं लागेल, तुला माहीत आहे.”

पुढच्या आठवड्यात आणखी मोठी लाट येणार असा अंदाज होता. ती गेली की गुरांच्या व्यापाऱ्याला कळप बघायला बोलावलंय, हेही त्यानं सांगितलं.

गाडीत बसून तिनं मिलच्या मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, अगं, एवढं काय, सोडियम बायकार्बोनेट दुप्पट कर, सुटेल प्रश्न. म्हणजे आपला खायचा सोडा. तो खुराकात थोडा होताच. गाईची लाळ हाच खरं तर तिचा घरचा सोडा असतो. रवंथ करताना ती लाळ गिळते आणि पोटातलं आम्ल आपोआप शमतं. उन्हात धापा टाकताना ती लाळ गळून जाते, रवंथही थांबतं, म्हणून वरून सोडा घालायचा. चित्रलेखानं जास्तीच्या सोड्याची ऑर्डर देऊन टाकली आणि झालं गेलं निस्तरलं असं स्वतःला समजावत घरी निघाली. समजूत काही नीट पटली नव्हती.

घरी वेगळीच आघाडी उघडलेली. त्या दिवशी संकष्टी होती. बाहेर अंगाची लाही होत होती आणि वीणाताई सकाळपासून नुसत्या चहावर होत्या. केळं नको, ताक नको, साबुदाण्याची खिचडी तर नकोच, ती म्हणे हल्लीच्या लोकांची पळवाट. चंद्र पुण्याचा धरायचा की मेलबर्नचा यावर त्यांचा आणि सलिलचा वाद झाला, त्यात ओवीनं ‘इट्स द सेम मून, आजी’ असं म्हणून दोघांनाही गप्प केलं. इथला चंद्र उगवायला उन्हाळ्यात चांगलाच उशीर करतो. तो उगवल्यावर सासूबाईंनी स्वतः वळलेले मोदक, त्यावर तुपाची धार, वरण-भात, बटाट्याची भाजी असं साग्रसंगीत जेवण केलं, आणि चित्रलेखालाही आग्रह केला. तिनं अर्धा मोदक पानात तसाच ठेवला. कस्टर्ड थोडं पाणी प्यायली, एवढाच निरोप जोननं पाठवला होता.

सकाळी ती फार्मवर जायला निघाली तर सासूबाई ओट्यापाशी एक हात छातीवर ठेवून कसलीशी बरणी शोधत होत्या. चेहरा कसनुसा. बरणी सापडली. त्यांनी ग्लासात लिंबू पिळलं, वर चमचाभर खायचा सोडा टाकला, ते फसफसलं तसं एका दमात पिऊन टाकलं आणि एक दणदणीत ढेकर दिला. मग मोकळ्या आवाजात म्हणाल्या, की सोडा घरात असला की काही चिंता नाही.

चित्रलेखा एक गमबूट पायात आणि एक हातात घेऊन तिथेच थांबली.

“आई,” तिनं विचारलं, “काल दिवसभराचं मिळून तुम्ही काही जास्त खाल्लंत का?”

“जास्त? छे गं. एरवीपेक्षा कमीच. एकच तर वेळ जेवले.”

लग्न झाल्यापासून चित्रलेखा हे बघत आली होती. दर संकष्टीला तोच उपास, रात्री तेच मोदक, सकाळी तेच पित्त आणि तोच सोडा. सोड्यानं सासूबाईंचं पित्त दर वेळी शमायचं, आणि म्हणूनच ते पुढच्या महिन्यात पुन्हा व्हायचं, कारण सोडा आहे म्हटल्यावर खाण्याची रीत कोण बदलतो? पुण्यात अशा बायकांची तिच्या केबिनबाहेर रांग असायची. एकादशी आणि दुप्पट खाशी, असं त्यांना हसत हसत सुनवायची ती, आणि सांगायची, की बाई गं, दिवसाची बेरीज बघू नकोस, एका वेळी किती आणि कशानंतर खातेस ते बघ. दोनशे गाईंना तिनं भर उन्हाळ्यात संकष्टी घडवली होती. दिवसभर निर्जळ नाही, पण निराहार, आणि चंद्रोदयाला मळी शिंपडलेले मोदक. आता वर दुप्पट सोडा घालून पुढच्या लाटेत परत तेच करणार होती. माणसांच्या बाबतीत जे तिला झोपेतही आलं असतं ते गाईंच्या बाबतीत साफ विसरली होती. तिला स्वतःचा असा राग आला, की तिनं उरलेला गमबूट घरातल्या चपलेसकटच चढवला आणि पुन्हा काढावा लागला.

फार्मवर कस्टर्ड उभी होती. डगमगत, डोळे खोल गेलेले, पण आपल्या पायांवर. क्लाइव्ह तिच्याजवळ बादली धरून उभा होता. चित्रलेखानं इकडचं तिकडचं काही न बोलता सांगितलं, की चूक माझी आहे, उन्हाची नाही आणि तुझी तर नाहीच. मग तिनं सासूबाईंच्या संकष्टीची सगळी कथा सांगितली, चहा, चंद्र, तूप आणि ढेकरासकट. ऐकताना जोनच्या तोंडाचे कोपरे हलायला लागले, आणि शेवटी ती इतकी हसली की तिला कुंपण धरावं लागलं. क्लाइव्ह तेव्हाही हसला नाही, पण त्यानं विचारलं, की म्हणजे आता करायचं काय?

करायचं ते साधं होतं. संध्याकाळी दूध काढायला गाई फवाऱ्यांखाली रांगेत थांबतात, तिथेच आधी वाळलं गवत टाकायचं. चघळावं लागतं, लाळ सुटते, आणि भुकेनं वखवखलेली गाय भरड्यावर तुटून पडत नाही. भरडा नेहमीपेक्षाही कमी करायचा आणि सकाळ-संध्याकाळ वाटून द्यायचा. मळी बंद. मुरघासाचा मोठा वाटा उजाडायच्या आत, ऊन चढण्याआधी घालायचा. सोडा राहील, पण आधाराला, सगळा भार त्याच्यावर नाही. दूध थोडं उतरेल. उतरू दे.

क्लाइव्हनं बादली खाली ठेवून कस्टर्डच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, नो वरीज. त्याचा कुठला अर्थ त्याला म्हणायचा होता ते चित्रलेखाला कळलं नाही.

दुसरी लाट पहिलीपेक्षा वाईट निघाली. चित्रलेखा जोनच्या जादाच्या खोलीत मुक्कामालाच गेली, सासूबाईंनी बांधून दिलेल्या धपाट्यांच्या डब्यासकट. दिवसभर सगळं रान पांढरं पडलेलं, वारा भट्टीतून आल्यासारखा. गाई सावलीत दाटीनं उभ्या राहून धापा टाकायच्या आणि ही माणसं फवारे, पाण्याची टाकी, जाळ्या बघत फिरायची. संध्याकाळी गाई रांगेत आल्या की समोर वाळलं गवत. पहिल्या दिवशी त्यांनी त्याकडे तुच्छतेनं बघितलं. भरडा कुठाय, असं म्हणत असाव्यात. चित्रलेखाच्या हाताला नुसती खाज सुटली, की द्यावा अजून थोडा, बिचाऱ्या दिवसभराच्या उपाशी. पण तिनं मन घट्ट केलं. शेवटी पुडिंगनं एक काडी ओढली, मग क्रंबलनं, आणि हळूहळू सगळी रांग चघळायला लागली. क्लाइव्ह स्वयंपाकघरात यायचा तेव्हा बंदुकीच्या कपाटाकडे पाठ करून बसायचा.

मग एका दुपारी दक्षिणेकडून वारा फिरला. इकडे तो असा अचानक फिरतो, घामाचा शर्ट अंगावरच गार पडतो. पण चित्रलेखाला अजून सुटल्यासारखं वाटेना, कारण मागच्या वेळीही गाई उन्हातून तगल्या होत्या आणि मग आडव्या झाल्या होत्या. खरा निकाल दुसऱ्या सकाळी लागणार होता.

सकाळी तिघं कुरणात गेली. बहुतेक गाई बसल्या होत्या, आणि बसून शांतपणे रवंथ करत होत्या. जबडे एका लयीत हलत होते, डोळे अर्धे मिटलेले. क्लाइव्ह एकेकीजवळून जात होता, पाय बघत होता, कान चाचपत होता. चित्रलेखा मात्र खाली बघत चालली होती. शेण जसं असायला हवं तसं होतं, थापलेलं, दाण्यांशिवाय, चांगल्या वासाचं. शेण बघून डोळ्यांत पाणी आलेली ती पहिलीच पुणेकरीण असावी. तिनं डोळे बाहीनं पुसले, पण जोननं बघितलंच.

क्लाइव्हनं कुरणाचा पूर्ण फेरा मारला. कळपातली एकही गाय कमी नव्हती. तो कस्टर्डपाशी येऊन थांबला, ती त्याच्याकडे ढुंकूनही न बघता तोंड हलवत राहिली. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि व्यापाऱ्याला फोन करून उगाच खेप नको घालू असं सांगायला हवं, एवढं म्हणून घराकडे चालायला लागला. अर्ध्या वाटेवर वळून त्यानं विचारलं, की सासूबाईंचं पोट कसं आहे. तेव्हा मात्र तो हसला, आणि त्याचे पुढचे दोन दात किती वाकडे आहेत ते चित्रलेखाला पहिल्यांदा दिसलं.

सासूबाईंचं पोट सुधारत होतं. सुनेनं त्यांना काही शिकवलं असं नाही, तशी तिची हिंमतही नव्हती. पण गाईंची गोष्ट ऐकल्यावर पुढच्या संकष्टीला त्यांनी दुपारी मुकाट्यानं ताक घेतलं, संध्याकाळी केळं खाल्लं आणि चंद्रोदयानंतर आधी कोशिंबीर वाढून घेतली. कोणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, की मुक्या जनावरांना जमतं तर मला न जमायला काय झालं.

पुण्याला परतण्याआधी त्यांना फार्म बघायचाच होता. तोवर शरद आला होता, सकाळी धुकं पडायला लागलं होतं. त्या जोनसाठी मोदकांचा डबा घेऊन गेल्या. जोननं एक खाल्ला, डोळे मिटून दुसरा खाल्ला, आणि त्यांचा हात धरून त्यांना वासरांच्या शेडमध्ये घेऊन गेली. कस्टर्ड आदल्या आठवड्यात व्यायली होती. कालवड, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. तिला अजून नाव नव्हतं, म्हणजे आता, मोदक खाल्ल्यावर, जोननं दिलं होतं. ‘मोडॅक’, असं क्लाइव्हनं दोन-तीनदा म्हणून बघितलं. सासूबाईंनी त्याचा उच्चार सुधारायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मग क्लाइव्ह चित्रलेखाकडे वळला.

“दोन-अडीच वर्षांनी ही दूध द्यायला लागेल,” तो म्हणाला. “तेव्हा हिचा खुराक तूच ठरव. मी कुठे जात नाहीये.”

इतकी वर्षं जो प्रश्न ती मनात घेऊन फिरत होती, त्याचं उत्तर कोणीतरी इतक्या साध्या आवाजात देईल असं चित्रलेखाला वाटलं नव्हतं.

जोननं दुधाची बाटली सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी साडीचा पदर कमरेला खोचला आणि वाकून ती वासरापुढे धरली. कालवडीनं बाटलीचं रबरी बोंड पकडलं आणि डोकं खाली-वर करत, ढुसण्या मारत, श्वास न घेता दूध ओढायला लागली. फेस तोंडातून गळायला लागला. सासूबाईंनी बाटली जराशी मागे घेतली आणि दुसऱ्या हातानं तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका कुरवाळला.

“सावकाश गं बाई,” त्या म्हणाल्या, “सावकाश. कोणी पळवत नाहीये.”